पिंजऱ्यातून दिसलेली बाग

"यंत्र कुठलंबी असू द्या राव, ते मला गंडवू शकत न्हाई!"

हे वाक्य भिमाजी दिवसातून दोनदा तरी म्हणत. ऐकायला कुणी नसलं तर शेळीला म्हणत. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं ब्रेक आणि गिअरबॉक्स उघडण्यात गेली होती त्यांची. रिटायर होऊन पिंपळवंडीला घरी आले, तर उघडायला काही उरलंच नव्हतं! मग घरामागच्या दोन गुंठ्यांत त्यांनी बाग केली. पेरू, डाळिंब, पपया, झेंडूचे दोन वाफे, जास्वंद आणि अख्ख्या बागेची महाराणी म्हणजे मोगऱ्याचं झाड. पक्ष्यांसाठी पेरूखाली पाण्याचं परळ ठेवलं. रोज सकाळी त्या परळाशेजारी खुर्ची टाकून भिमाजी बसत, खोकत, मोबाइलवर बातम्या लावत आणि पक्षी का येत नाहीत याचं नवल करत.

पक्षी येत ते समोरच्या कुशाबाकडं. रस्ता ओलांडला की कुशाबाची बाग. त्याच्या आंब्यावर गेल्या उन्हाळ्यात स्वर्गीय नर्तक आला, लांब पांढऱ्या शेपटीचा! पुण्याची माणसं कॅमेरे घेऊन आली, कुशाबाच्या ओट्यावर चहा प्याली, कुशाबाचाही फोटो काढून गेली. मुलानं त्याला दुर्बीण आणून दिली. तेव्हापासून कुशाबा ती गळ्यात घालूनच दाढी करी.

"तुमच्याकडं काय येतं, भिमाजीभाऊ?" तो मुद्दाम विचारी.

"साळुंक्या हायेत की! बुलबुल हाये."

"साळुंक्या व्हय? त्या तर एसटी स्टँडवरबी असत्यात."

हे शब्द भिमाजींना खिळ्यासारखे लागले. आणि बरोबर दुसऱ्याच दिवशी सकाळी पपईखालच्या ओल्या मातीत त्यांना पावलाचा ठसा दिसला.

चार बोटं, मध्ये गादी. पपई अर्धी खाल्लेली. भिमाजी उकिडवे बसले. ठसा जरा लहान वाटला, पण पुसट होता हो! म्हणून त्यांनी बोटानं कडा थोड्या सारख्या केल्या. मग आणखी थोड्या केल्या. उठून पाहिलं तर साक्षात वाघ! तिकडं बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि उसाच्या त्या मुलखात वाघ म्हटलं की कुणी हसत नाही.

भिमाजींनी रस्त्यावर जाऊन कुशाबाला हाक मारली. "तुमच्याकडं नर्तक येतो ना? या, आमच्याकडं कोन येतं ते बघा!"

गाव लोटलं. वनरक्षक वृषाली मोटरसायकलवरून आली. पंचविशीची मुलगी, बोलणं नेमकं, नजर त्याहून नेमकी. ठशाकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"काका, याच्या कडा फार स्वच्छ आहेत."

"आमची मातीच तशी हाये, मॅडम. रोज पानी असतं."

पण शेजारच्या शिवारात परवाच खरा बिबट्या दिसला होता, आणि बायाबापड्या सकाळी उसाकडं जाताना घाबरत होत्या. वृषालीनं धोका घेतला नाही. दुपारी ट्रॉलीतून लोखंडी पिंजरा आला आणि थेट भिमाजींच्या बागेत पेरूजवळ बसला. पुढं वरून धाडकन पडणारं दार, आत जमिनीवर लोखंडी पाटा, त्या पाट्यावर पाय पडला की दार खाली! मागच्या बाजूला जाळीआड आमिषाचा लहान कप्पा, त्याला बाहेरून वृषालीचं कुलूप. वरून उसाचं पाचट आणि हिरवे टहाळे.

"यंत्र लई सोपं हाये," भिमाजींनी तिथंच मत दिलं. "ब्रेकपेक्षा सोपं!"

"आमिषासाठी शेळी दोन दिवसांनी मिळेल," वृषाली म्हणाली.

"दोन दिस कशाला? आमची हाये की!"

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेळी त्यांची नव्हती. घरातलं बाकी सगळं भिमाजींचं असेल, पण चंद्री ही चिमाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. बेल्ह्याच्या बाजारात अर्धा दिवस घालून, तीस शेळ्यांचे दात बघून त्यांनी ती आणली होती. तिच्या कपाळावर पांढरी चंद्रकोर होती. चिमाबाई आधी तिला खायला घालत आणि भिमाजींना नंतर. त्या चार दिवसांसाठी निरगुडसरला लेकीकडं, अश्विनीकडं, कुरडया करायला गेल्या होत्या म्हणून तर भिमाजींच्या तोंडून ते वाक्य निघालं! त्या समोर असत्या तर भिमाजींनी स्वतःला बांधून घेतलं असतं, पण चंद्रीला हात लावला नसता.

चंद्री कप्प्यात गेली. पाला खाऊन आरामात झोपली. वाघ आला नाही. दुसऱ्या सकाळी आठ वाजता मात्र फोन आला.

"मी सकाळचीच गाडी धरलीय," पलीकडून चिमाबाई. "धापर्यंत पोचते. चंद्रीला पाला घातला का?"

"घातला की!"

"दावं सैल हाये ना तिचं? मानंला काचतं."

"दावंच न्हाई तिला आता," भिमाजी म्हणाले, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

त्यांनी लगेच वृषालीला फोन लावला. ती ओतूरकडं दुसऱ्या कामावर होती, बारापर्यंत येते म्हणाली. किल्ली तिच्याकडं! बारा आणि दहा यांच्यामध्ये दोन तास, आणि त्या दोन तासांत चिमाबाई. वाघाच्या पिंजऱ्यात चंद्री दिसली, तर चाळीस वर्षांचा संसार त्याच पिंजऱ्यात जाणार, हे भिमाजींना स्वच्छ दिसलं. 

पण हा माणूस वर्कशॉपचा! मागचं कुलूप सोडा, आतली जाळी तर तारेनंच बांधलेली आहे. पुढच्या दारानं आत शिरायचं, पाट्यावर पाय न देता पलीकडं जायचं, पकडीनं तार सोडायची, चंद्रीला घेऊन बाहेर. पाच मिनिटांचं काम!

आत जाण्याआधी त्यांनी सगळी सुरक्षा चढवली. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. त्या भागात ऊस तोडणारी माणसं असले पट्टे घालू लागली होती, वाघ मानेलाच धरतो म्हणून. भिमाजींनी आपला जुन्नरच्या महंमद हनीफ वेल्डरकडून खास करून घेतला होता, दोन ओळी जास्त खिळ्यांचा. तो घातल्यावर मान वाकवता येत नसे, पण रुबाब येई. आणि डोक्यामागं मुखवटा. वाघ पाठीमागून झेप घेतो, तोंड दिसलं तर थबकतो, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. नातीनं, श्रेयानं, पुठ्ठ्यावर त्यांचंच तोंड रंगवून दिलेलं. पांढऱ्या मिशा, मोठे उघडे डोळे, किंचित उघडं तोंड. चित्र इतकं हुबेहूब की चिमाबाई एकदा त्याच्याशी भांडल्या होत्या.

अशा थाटात, मोबाइल ओसरीवर चार्जिंगला ठेवून, हातात पक्कड घेऊन भिमाजी पिंजऱ्यात शिरले. पाटा ओलांडला. तार सोडली. जाळी उघडली. सगळं ठरल्याबरहुकूम!

चंद्रीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं समोर भिमाजी पाहिले, त्यांच्यामागं उघडं दार पाहिलं, दारापलीकडं मोगरा पाहिला. भिमाजींच्या दोन पायांच्या मधून ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. तिचे मागचे खूर बरोबर पाट्यावर पडले, आणि ती दाराबाहेर झाली न झाली तोच,

धाडकन!

दार पडलं. चंद्री बाहेर, भिमाजी आत. बाहेरून खिट्टी आपोआप बसली.

भिमाजींनी दार उचलून पाहिलं. ढकलून पाहिलं. पकडीनं ठोकून पाहिलं. यंत्र खरोखरच सोपं होतं, पण ते बाहेरून सोपं होतं. आतल्याला सुटता येऊ नये एवढाच त्याचा हेतू, आणि तो त्यानं चोख पार पाडला होता.

ओरडावं? ओरडलं तर कुशाबा येणार. कुशाबा आला की गाव. गाव आलं की चिमाबाई फाट्यावर उतरायच्या आतच बातमी त्यांना भेटायला जाणार! त्यापेक्षा गप्प बसावं. नशीब असेल तर वृषालीच आधी येईल, गुपचूप काढील. निदान चंद्री तर सुटली. ती समोर उभी राहून मोगरा खात होती. भिमाजींचा मोगरा! कळ्यांसकट!

"चंद्रे," भिमाजी कुजबुजले, "ए चंद्रे, झेंडू खा गं. मोगरा नको!"

चंद्रीनं त्यांच्याकडं बघत आणखी एक फांदी ओढली.

शेवटी भिमाजींनी रस्त्याकडं पाठ केली आणि परळाकडं तोंड करून मांडी घातली. खिळ्यांमुळं मान खाली घालता येईना, आडवं होता येईना, मागं टेकता येईना. ताठ बसायचं, खोकला गिळायचा, हलायचं नाही.

आणि मग एक गंमत झाली. दहा मिनिटांत परळावर बुलबुल उतरला. त्याच्यामागं दुसरा. मग दयाळ आला, शेपटी वर करून भिमाजींपासून दोन हातांवर अंघोळ करू लागला. जास्वंदीच्या पानामागं शिंप्याची जोडी. जांभळा चमकता शिंजीर तर पिंजऱ्याच्या गजावर येऊन बसला आणि भिमाजींच्या नाकाकडं बघू लागला! कुंपणातून मुंगसाची मादी आली, मागं दोन पिल्लं. तिघंही रांगेनं पाणी प्याली. एवढं सगळं आपल्या दोन गुंठ्यांत होतं? रोज होतं? भिमाजींना आनंदही झाला आणि लाजही वाटली. इतके दिवस आपण त्यांना बातम्या ऐकवत होतो!

तिकडं दाराचा आवाज कुशाबानं ऐकलाच होता. तो आपल्या गच्चीवर चढला. पिंजऱ्याचं दार पडलेलं, पाचटाआड आत काहीतरी बसलेलं!

"सापडला!" कुशाबा ओरडला. "भिमाजीभाऊच्या बागंत वाघ सापडला!"

पाच मिनिटांत रस्ता भरला. गोरख नावाचा एक उत्साही गडी सगळ्यांना हात पसरून मागं सारत होता आणि स्वतः पुढं सरकत होता. कुणी वृषालीला फोन केला. ती म्हणाली, निघालेच, कुणीही बागेत जायचं नाही. कुशाबानं दुर्बीण लावली, चाक फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं.

"काय दिसतंय, कुशाबा?"

"तोंड."

"वाघाचं?"

"न्हाई रं... भिमाजीभाऊचं! डोळं उघडंच हायेत. पापनी हालंना!"

 मग एकदमच सगळ्यांना सगळं समजलं. भाऊ शेळी सोडवायला गेले असणार. वाघ आत असणार. दार पडलं असणार. तेवढ्यात चंद्री मोगऱ्याची फांदी तोंडात घेऊन कुंपणाशी आली, आणि एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

"मुक्या जनावरासाठी गेला गं बया! देव मानूस!"

पाठमोऱ्या भिमाजींनी हे ऐकलं. आधी त्यांना कळेना कोण गेलं. कळलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गच्चीवरून कुशाबाचा रडका आवाज आला.

"माझ्याकडं नर्तक येतो म्हनून मी मिरवलं रं! पर ह्याच्यावानी मोगरा तालुक्यात न्हाई. जितेपनी मी कधी बोललो न्हाई!"

भिमाजींनी तोंड मिटलं. असं वाक्य पुन्हा ऐकायला मिळेल न मिळेल! आणखी थोडं ऐकायला काय हरकत आहे?

"लई मन लावून बाग केली त्यानं," कुशाबा हुंदके देत म्हणाला. "झेंडू तर असा की..."

भिमाजींची छाती फुगली.

"तेवढं पानी मातुर लई घालायचा. मुळ्या कुजवायचा!"

"कोन म्हनतं लई पानी घालतो?" पिंजऱ्यातून डरकाळी फुटली. "तुझ्या आंब्याला बघ जा आधी, भुंगा लागलाय!"

पक्षी भुर्र उडाले. रस्त्यावरची निम्मी माणसं दहा पावलं मागं पडली आणि एक जण रस्त्याकडेच्या ओढ्यात पडला. ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून भिजला नाही.

"जिता हाये!" गोरख किंचाळला. "वाघासंगं जिता हाये! भाऊ, हालू नका! त्येच्या डोळ्यात बघू नका!"

"डोळ्यात बघा!" दुसरा ओरडला. "नजर काढली की झेप घेतो!"

"अरे हितं वाघ न्हाई!"

"शॉक बसलाय त्यान्ला. बरळत्यात!"

"मी म्हंतो वाघ न्हाई! मी एकलाच हाये!"

"हां, हां भाऊ, तुमी एकलेच हायेत! शांत ऱ्हावा!"

भिमाजी वळायला गेले, तर पट्ट्याचे खिळे गजात अडकले. तोंड परळाकडं, मुखवटा रस्त्याकडं. रस्त्यावरच्यांना एवढंच दिसलं की भाऊंचा चेहरा बोलतोय आणि ओठ हलत नाहीत. म्हातारीनं हात जोडले.

नेमक्या त्याच वेळी फाट्याकडून चिमाबाई आल्या. एका हातात कुरडयांची पिशवी, दुसऱ्यात छत्री. बातमी त्यांना वाटेतच भेटली होती, आणि त्या धावत आल्या होत्या. साठीची बाई, गुडघे दुखणारी, पण धावत. गोरखनं वाट अडवली.

"काकू, फुडं जाऊ नका! आत वाघ हाये!"

"आन् माझा मानूस?"

"त्येबी आतच हायेत."

"मंग सर बाजूला."

कुणाचीच त्यांना धरायची हिंमत झाली नाही. चिमाबाई सरळ बागेत शिरल्या. चंद्री शेजारून बें बें ओरडली, पण त्यांनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. त्यांची पावलं न थांबता पिंजऱ्याकडं आलेली भिमाजींनी ऐकली. चंद्री घरात आल्यापासून पहिल्यांदा आपला नंबर चंद्रीच्या आधी लागला होता!

चिमाबाईंचे डोळे जवळजवळ मिटलेले. त्यांनी छत्री उगारली आणि पिंजऱ्यावर हाणली. "मुडद्या! सोड त्येन्ला! सोड म्हंते!" पाचट उडालं, टहाळे पडले, छत्रीच्या काड्या वाकल्या. "आधी माझ्याशी गाठ हाये तुझी!"

"अगं चिमे, कुनाला मारती? मीच हाये!"

"तुमी गप बसा! तो कुठं हाये?"

"तो न्हाईच! कधी नव्हताच!"

चिमाबाईंनी वाकून आत पाहिलं. एक भिमाजी समोर बघत होते, एक भिमाजी मागं. वाघ नव्हता. पिशवी खाली पडली. त्यांनी खिट्टी काढली, दोन्ही हातांनी दार उचललं आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. गळ्यात पडायची सोय नव्हती, गळ्यात खिळे होते. म्हणून त्यांनी भिमाजींचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि हमसाहमशी रडल्या.

"मला वाटलं, संपलं सगळं," त्या म्हणाल्या. "वाटंत एकच म्हनत व्हते, देवा, काय न्यायचं ते ने, ह्यान्ला नको."

"काय न्यायचं ते? चंद्रीबी?"

"चंद्रीबी!"

भिमाजींचे डोळे भरून आले. एवढं सुख त्यांना रिटायरमेंटच्या सत्कारातसुद्धा मिळालं नव्हतं. रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत होते, कुशाबा गच्चीवरून उतरून आला आणि खिळे चुकवत त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, आंब्याला खरंच भुंगा लागलाय का?"

सुटकेचा हा सोहळा बरोबर चार मिनिटं टिकला. पाचव्या मिनिटाला चिमाबाईंनी डोळे पुसले, पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात पाहिलं, तिथं पाला आणि लेंड्या पाहिल्या, आणि हळूच विचारलं, "ह्या कुनाच्या?"

भिमाजींनी तोंड परळाकडं फिरवलं. मुखवटा चिमाबाईंकडं बघू लागला.

"मी इचारते, माझ्या चंद्रीला वाघाम्होरं बांधलंतं?"

"बांधलं नव्हतं," भिमाजी म्हणाले. "मोकळीच ठेवली व्हती."

पुढचा अर्धा तास पिंजऱ्यात परत जावं असं भिमाजींना फार वाटलं.

वृषाली आली तेव्हा गर्दी पांगत होती. तिनं चंद्रीला तपासलं, भिमाजींना तपासलं, मग पपईखाली गेली. आज तिथं ताजे ठसे होते, कुणी कडा सारख्या न केलेले. शेजारी पपईच्या बिया असलेली विष्ठा.

"काका, हे उदमांजर आहे. पपई खायला येतं. कुणाला काही करत नाही."

"म्हंजे वाघ न्हाई?"

"नाही. शेजारच्या शिवारातला बिबट्याही आज सकाळी ओतूरकडं धरला. पिंजऱ्याची ट्रॉली उद्या दुपारी येईल, तेव्हा घेऊन जाते."

गावानं सुटकेचा श्वास सोडला. चिमाबाईंनी चंद्रीच्या गळ्याला मिठी मारली. कुशाबा मोगऱ्याच्या खुंटाकडं बघून म्हणाला, "माझ्याकडं ह्याचंच कलम हाये, दोन वर्सांपूर्वी तुमच्याकडनंच चोरलेलं. उद्या आनून लावतो." सगळं कसं निभावलं! फक्त भिमाजी घुटमळत होते. वृषाली मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात ते जवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, उंद्याच्या जागी परवा न्या की पिंजरा."

"का? वाघ येत नाही तुमच्याकडे."

"वाघ नको हो. आतनं पक्षी लई जवळनं दिसत्यात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दयाळाची अंघोळ, मुंगसाची पिल्लं, नाकासमोरचा शिंजीर. कुशाबा ऐकत होता. त्यानं दुर्बीण गळ्यातून काढली, हातात घेतली आणि विचारलं, "दोगं मावत्याल का आत?"

वृषालीनं हसू दाबलं आणि चिमाबाईंकडं पाहिलं. चिमाबाईंनी क्षणभर विचार केला. "ठेव बाई उंद्या दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "पर खिट्टी माझ्या हातात ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भिमाजी आणि कुशाबा पिंजऱ्यात परळाकडं तोंड करून शेजारी शेजारी बसले, हूं की चूं न करता. चिमाबाईंनी गजांतून चहाच्या दोन कपबश्या आत दिल्या, दार खाली सोडलं, खिट्टी घातली आणि चंद्रीला घेऊन रस्त्याला लागल्या. समोरून कुशाबाची सून घाबरत घाबरत येत होती.

"मामी, वाघाचं काय झालं हो? यकटीनं शेतात जायला भ्या वाटतं."

"बिनघोर जा," चिमाबाई म्हणाल्या. "जे धरायचं व्हतं ते धरलंय. दोनीबी!"